गाडीच्या अंदाजपत्रकातली एक ओळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मशिदीतल्या मौलानांजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच नाही. मग तुमच्याजवळ का? — खरंच माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांपुढे माझं नाव फार मोठं आहे.

ते नाव काय आहे ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी युनूस मिस्त्री. बीडला बार्शी नाक्यापाशी माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, कारखान्याकडे ऊस वाहणारे ट्रक, दूध संस्थांचे टेम्पो — गेवराईपासून पार सिरसाळ्यापर्यंतच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. बोनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून मी कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे ते सांगतो. फुशारकी वाटते? आहेच. चाळीस वर्षं हात काळे केल्यावर एवढी फुशारकी माणसाने मारावी.

पण हातापेक्षा जास्त अभिमान मला शब्दाचा होता. युनूस मिस्त्रीने खर्च सांगितला की तोच खर्च. इंजिन उघडल्यावर आकडा वाढवायचा नाही, बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही माझी रीत. दुसऱ्या गॅरेजवाल्याने काढलेला अंदाज लोक माझ्याकडे घेऊन यायचे — "बघा बरं मिस्त्री, हे खरं हाय का?" मी दोन ओळी खोडायचो, एखादी वाढवायचो, आणि लोक तो कागद घडी घालून खिशात ठेवायचे. माझ्या अक्षरावर लोक पैसे मोजायचे. हे थोडं नाही.

म्हणून तर नाना माझ्याकडे आले.

नाना म्हणजे तलवाड्याच्या दूध संस्थेचे चेअरमन. घरची मोसंबीची मोठी बाग. संस्थेचे टेम्पो सुरुवातीपासून माझ्याकडेच यायचे, त्यामुळे आमचा संबंध जुना. त्यांचा एकुलता एक मुलगा अभय. शाळकरी वयापासून मला चाचा म्हणायचा. शिकला, इंजिनिअर झाला, इंग्लंडला नोकरीला गेला, आणि काही वर्षांनी त्याने कळवलं की मी परत येतो, बाग आणि संस्था बघतो. नानांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

फक्त एक अडचण होती. अभयकडे तिकडे एक गाडी होती. दोन दरवाज्यांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, जर्मन बनावटीची स्पोर्ट्स कार. नवी नव्हे — कुणाची तरी वर्षभर वापरलेली त्याने स्वस्तात घेतली होती. ती त्याला इकडे आणायची होती. आणि आपल्याकडचा नियम असा की बनून तीन वर्षं उलटलेली जुनी गाडी आणू देत नाहीत. तिला तीन वर्षं व्हायला थोडेच महिने राहिले होते. काय ते लवकर ठरवायचं होतं.

नाना गॅरेजमध्ये आले, बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "युनूसभाई, पोरगं गाडीच्या नादात हाय, ते काय खरं सांगणार न्हाई. तुमी मला सगळा खर्च काढून द्या. दिसणारा, न दिसणारा, सगळा. मी पाइपलाइनसाठी पैसे बाजूला ठेवलेत. त्याला हात न लावता गाडी येत असंल तर येऊ द्या. न्हाईतर तिकडंच विकून ये म्हणतो." आणि अभयलाही त्यांनी बजावलं, "गाडीचं माझ्याशी बोलायचं न्हाई, मिस्त्रीशी बोल."

पाइपलाइनचं सांगायला हवं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. बागेतल्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता. नदीच्या डोहात चर घेऊन तिथून बागेपर्यंत पाइप आणायचा, असं नानांनी ठरवलं होतं. शेजारच्या बागाइतदाराने तर काम सुरूही केलं होतं. नानांचे पैसे तयार होते, पाइप ठरलेले होते. फक्त पोरगं येऊ दे, त्याच्या हाताने नारळ फोडू, एवढ्यासाठी काम थांबलं होतं.

मी कामाला लागलो. आणि काय काम केलं म्हणता! आजही तो कागद आठवला की मान ताठ होते — ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण होते. जहाजाचं भाडं. समुद्रातला विमा. बंदरावर गाडी जितके दिवस पडून राहील तितक्या दिवसांचं जागाभाडं — हे कुणाच्या डोक्यात येत नाही. तिकडे जहाजावर चढवण्याआधीची तपासणी, इकडे उतरल्यावरची तपासणी. मुंबईच्या एजंटची फी. आरटीओचा कर — बाहेरून आलेल्या गाडीला तो देशी गाडीपेक्षा जास्त बसतो. मुंबईहून बीडपर्यंत चालवत आणायची नाही, बंद ट्रकमधून आणायची, त्याचं भाडं. टायर, कारण त्या मापाचे टायर औरंगाबादलाही मिळत नव्हते. गेवराई-तलवाडा रस्त्यावरच्या गतिरोधकांवर पोट घासू नये म्हणून खाली बसवायचा पत्रा. हे सगळं मी मुंबईला, पुण्याला फोन करकरून काढलं. अशा एकूण बारा ओळी. एकही ओळ खोटी नाही. पुढे एकेक खर्च झाला तेव्हा प्रत्येक आकडा माझ्या आकड्याला लागून निघाला.

आणि तेरावी ओळ कस्टम ड्यूटीची.

इथे थोडा थांबतो. — चालेल ना?

ती ड्यूटी लिहायला बसलो त्याच दिवशी अभयचा इंग्लंडहून गॅरेजवर फोन आला. दुपारची वेळ होती, मी एकटाच होतो. तो म्हणाला, "चाचा, एक गोष्ट मला आजच कळली. कस्टमवाले मी गाडी कितीला घेतली ते बघत नाहीत. ती नवी असताना कितीची होती ते बघतात, त्यातून वर्षांची घट कापतात, आणि जे उरेल त्यावर ड्यूटी लावतात. म्हणजे आपण धरलीय त्याच्या कितीतरी पट होणार. हे नानांच्या कागदात नक्की धरा. गाडी नाही आली तरी चालेल, पण नाना फसायला नकोत."

मी म्हणालो, "धरतो बेटा."

फोन ठेवला आणि हिशेब केला. पाइपलाइनच्या पैशाला हात लावल्याशिवाय गाडी येतच नव्हती. नुसता हात नव्हे, जवळपास सगळे पैसे जात होते. कागद पुढे होता. पेन हातात होतं. नानांना फोन करून "विकून टाका म्हणावं" एवढंच सांगायचं होतं. साधं काम.

मग का नाही केलं?

कारण मला ते इंजिन पाहिजे होतं. मालकीचं नव्हे — मला ते उघडायचं होतं. त्या गाडीचं इंजिन मागे असतं. सहा सिलिंडर, तीन इकडे, तीन तिकडे, आडवे झोपलेले. जुन्या बाजारातून आणलेल्या मासिकांत मी त्याची चित्रं बघितली होती, इंग्रजी येत नसताना चित्रांवरून तेलाचा रस्ता समजून घेतला होता. आयुष्यभर ट्रॅक्टर उघडले. ट्रॅक्टर वाईट नाही, पण ट्रॅक्टर कुणीही उघडतो. मला वाटायचं, माझा हात याहून मोठ्या कामाचा आहे आणि हे बीडमध्ये कुणाला कधी कळणारच नाही. आणि आता तसलं इंजिन आपल्या पायाने माझ्या दाराशी येत होतं. मी एक ओळ खरी लिहिली की ते येणार नव्हतं.

मी ड्यूटी अभयच्या खरेदीच्या किमतीवर लावली. बेरीज केली. ती पाइपलाइनचे पैसे सोडून उरलेल्या रकमेत बसली. खाली सही केली.

बारा ओळी खऱ्या होत्या म्हणून तेरावी खपली. नानांनी कागद वाचला, बंदरावरच्या जागाभाड्यापाशी आले तेव्हा हसून म्हणाले, "इतकं बारीक तुमालाच सुचावं." गाडी जहाजावर चढली.

मी स्वतःला काय सांगितलं असेल? की कस्टममध्ये काहीतरी कमी-जास्त होतं, एजंट लोक तोड काढतात, नाना मोठा माणूस आहे. सांगितलं खरं. पण त्यावर माझा स्वतःचाही विश्वास नव्हता.

अभय विमानाने आधी आला. गाडी मागून बंदराला लागली आणि एजंटचं ड्यूटीचं पत्र आलं. नानांनी मला संस्थेच्या ऑफिसात बोलावलं. सकाळची वेळ, दूध मोजणं चाललं होतं. चारा नसल्यामुळे दूध आटलं होतं, अर्धे कॅन रिकामेच परत जात होते. आत नाना, तीन-चार संचालक आणि अभय. नानांच्या एका हातात एजंटचं पत्र, एका हातात माझा कागद.

अभय म्हणाला, "नाना, हे मी चाचांना फोनवर सांगितलं होतं. त्यांनी धरलं असेल म्हणून मी निर्धास्त राहिलो."

नाना माझ्याकडे वळले. "सांगितलं होतं का यानं?"

मी म्हणालो, "मला आठवत न्हाई नाना."

नाना सरळ माणूस. ते म्हणाले, "आठवत न्हाई, का सांगितलं न्हाई?"

इथे मला दुसरी संधी होती. बघा, माणसाला संधी एकदाच येते म्हणतात ते खोटं आहे. मला दोन मिनिटांत दोनदा आली.

"सांगितलं न्हाई," मी म्हणालो.

नाना अभयला म्हणाले, "हा माणूस इतक्या वर्षांत माझ्याशी एक पैसा खोटं बोललेला न्हाई. गाडी आणायची म्हणून तू लपवलं, ते एक येळ समजू शकतो. पण त्याच्यावर ढकलतू कावून?"

अभय माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. त्याला वाटत असावं की मी अजून काहीतरी बोलणार आहे. मी बोललो नाही. मग त्याने मान खाली घातली, आणि ते बघून संचालकांना वाटलं, चोरी पकडली गेली.

आणि त्या घटकेला मला काय वाटलं, सांगू? लाज? — ती नंतर आली, घरी जाताना गेवराईच्या अलीकडे मोटारसायकल थांबवावी लागली मला. पण त्या घटकेला, त्या खोलीत, माझी छाती भरून आली. बापाने पोटच्या पोराचा शब्द खाली ठेवला आणि माझा उचलला. चारचौघांत. जिल्ह्यात माझ्या शब्दाची एवढी किंमत होती. खोटं बोललो त्या क्षणी वाटला इतका माझ्या खरेपणाचा अभिमान मला कधीच वाटला नव्हता. ही गोष्ट सांगायला मला सगळ्यात जड जात होती. चोरीपेक्षा ही जड.

नानांना गाडी बंदरावरच सोडून देता आली असती. संचालकांनी तसं सुचवलंही. नाना म्हणाले, "दारात आलेली वस्तू माघारी धाडायची आमच्या घराण्यात रीत न्हाई." पाइपलाइनचे पैसे गेले. गाडी आली.

आली ती सरळ माझ्या गॅरेजवर. अर्धं बीड बघायला लोटलं होतं. मी हात धुतले, नवा कपडा अंथरला आणि मागचं झाकण उघडलं. — ते सुख मी खोटं कसं म्हणू? ते सुख होतं.

पुढचा उन्हाळा बागेला झेपला नाही. नानांनी टँकर लावले. आधी सगळ्या बागेला, मग निम्म्या बागेला, मग घराजवळच्या चार ओळींना. टँकरवाले एकाच वेळी सगळ्या तालुक्याला पुरत नव्हते. मोसंबीची पानं वळली, फांद्या कडक झाल्या. शेवटी नानांनी करवतवाले बोलावले आणि अख्खी बाग तोडून लाकूड वीटभट्टीला घातलं. पाइप असता तरी बाग वाचली असती कशावरून, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. पण शेजाऱ्याची वाचली. बांधाला बांध लागून. एकीकडे हिरवी मोसंबी, एकीकडे खुंट. त्या रस्त्याने मी संस्थेचे टेम्पो बघायला जायचो तेव्हा दोन्ही दिसायचं.

अभय थांबला नाही. बाग नव्हती, आणि बाप बोलत नव्हता. कामापुरतं बोलायचे, ते आईला मध्ये घालून. त्याने पुण्याला नोकरी धरली. नाना त्या गाडीत एकदाही बसले नाहीत. एकदा दवाखान्यात जायची घाई होती, दारात गाडी उभी होती, तरी शेजाऱ्याची जीप मागवली त्यांनी.

आणि अभय? तो दरवर्षी दिवाळीला ती गाडी सर्व्हिसिंगला माझ्याकडेच आणायचा. पुण्यात तसल्या गाड्यांची चकचकीत वर्कशॉप आहेत. तरी पुण्याहून बीडला माझ्याकडे यायचा. एका वर्षी मागून तेल गळायला लागलं, पुणेवाले म्हणाले इंजिन परदेशी पाठवावं लागेल. मी लेथवरून स्वतःचं हत्यार घडवून घेतलं, अकरा दिवस खपलो आणि ते इंजिन असं बसवलं की थेंब पडला नाही. नंतर पुण्याचे मिस्त्री माझ्याकडे ते हत्यार बघायला आले. माझ्या उभ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम. त्या कामाबद्दल मी मान खाली घालणार नाही. जमणार नाही मला.

तो बाकड्यावर बसून चहा प्यायचा, माझं काम बघायचा. त्या सकाळबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मी वाट बघायचो की आज विचारेल. विचारलं असतं तर मी कबूल केलं असतं? — केलं असतं, असं म्हणायला आवडेल मला. एकदाच, चावी घेताना, तो म्हणाला, "चाचा, नाना अजून तुमच्यावर विश्वास ठेवतात, ते बरं आहे. त्यांना कुणावर तरी ठेवायला पाहिजे." आणि गाडी काढली.

मग माझं हजला जायचं ठरलं. जाण्याआधी ज्यांचं ज्यांचं आपण काही वाईट केलं असेल त्यांच्या दारी जाऊन माफी मागायची असते. मी सगळीकडे गेलो. भावांकडे, जुन्या कारागिरांकडे, ज्यांच्याशी गटारीवरून भांडलो होतो त्या शेजाऱ्यांकडेसुद्धा. तलवाडा शेवटी ठेवलं. नाना तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी बाजेच्या कडेला बसलो, त्यांचा हात हातात घेतला. रस्ताभर वाक्य जुळवत गेलो होतो. तोंडातून निघालं ते सगळ्यांना म्हणतात तेच. "नाना, काही कमी-जास्त बोललो असेल तर माफ करा."

नाना हसले. "तुमचं काय माफ करायचं युनूसभाई? तुमच्यासारखा खरा माणूस मी बघितला न्हाई." मग म्हणाले, "माझं एक काम करा. पोराला सांगा, मी त्याला माफ केलं. गाडीचं. माझ्या तोंडून निघत न्हाई त्याच्याम्होरं. तुमी सांगा."

मी "सांगतो" म्हणालो.

आणि सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी अभय मला भेटायला गॅरेजवर आला होता, खजुराचा डबा घेऊन. मी म्हणालो, "नाना म्हणाले, तुला माफ केलंय." जे त्याने केलंच नव्हतं त्याची माफी, ज्याने केलं होतं त्याच्या तोंडून. त्याने खजुराचा डबा बाकड्यावर ठेवला. मग म्हणाला, "बरं चाचा. नीट जाऊन या," आणि माझ्या पाया पडला.

मी मक्केत असताना नाना गेले. मला आठवड्याने कळलं. परत आलो तेव्हा लोक हाजीसाहेब म्हणायला लागले होते. अजून म्हणतात. अंदाजाचे कागद अजून माझ्याकडे तपासायला येतात आणि मी ते तपासतो. त्यानंतर मी कुठल्या कागदात खोटी ओळ लिहिलेली नाही. पण त्याने त्या ओळीचं काही होत नाही, हे मला कळतं.

अभयशी मी आजही बोललेलो नाही. तो विचारणार नाही, आणि मी आपणहून सांगणार नाही. भित्रेपणा आहे. दुसरं नाव त्याला नाही.

नाना गेले तेव्हा त्यांच्या लेखी त्यांचा मुलगा खोटा होता आणि मी खरा. होतं ते उलटं.